चोर सोडून मालकाला फाशी!

‘तू तोच कशावरून?’ हा प्रश्न पूर्वी बँकेतला कारकून विचारायचा, गाडीतला टीसी विचारायचा, नाहीतर परीक्षेच्या हॉलमध्ये हॉलतिकिटावरचा फोटो आणि आपलं तोंड आळीपाळीने न्याहाळणारे सर विचारायचे. आता तोच प्रश्न खिशातला मोबाइल दिवसातून पन्नास वेळा विचारतो. आपण चेहरा समोर धरला की ‘हो बाबा, तूच!’ म्हणून दार उघडतो. पण मित्र-मैत्रिणींनो, एक दिवस असा उजाडला की चेहरा तोच, मोबाइल तोच, पण मोबाइलचा डोळाच गेला... तर? आणि नेमका त्याच मोबाइलमध्ये चोरीविरुद्धचा असा बंदोबस्त चालू असला की जो चेहरा दाखवल्याशिवाय बंदच होत नाही... तर?

ऐकायला हे व्हायव्हात अडकवण्यासाठी तयार केलेल्या प्रश्नासारखं वाटतं. पण नाही, ही खरी अडचण आहे आणि होस्टेलमध्ये ती कुणावरही येऊ शकते. अशा वेळी आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. एक, ‘अरे, ती भानगड चालूच कशाला केली?’ आणि दुसरा, ‘सगळं बंद करून टाक.’ माझं मत या दोन्ही सल्ल्यांच्या विरुद्ध आहे. बंदोबस्त चांगला आहे, तो ठेवावा. मात्र ज्या कुलुपाला मालकासाठी दुसरी वाट नाही, ते कुलूप अर्धवट आहे असं आपण इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी तरी स्पष्ट म्हटलं पाहिजे. का, ते सांगते.

आधी हा बंदोबस्त आला कुठून ते पाहू. मोबाइल चोरून, पुसून, बाजारात विकणं हा एके काळी सोपा धंदा होता. २०१३ मध्ये ॲपलने ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ आणलं. फोन पुसला तरी मूळ मालकाच्या अकाउंटचा पासवर्ड दिल्याशिवाय तो पुन्हा सुरू होईना. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्येही ‘फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन’ नावाने तशीच सोय आली. म्हणजे नुसता फोन हाती लागून चोराचा फायदा होईना. मग चोर काय करणार? तो फोनऐवजी पासकोडच्या मागे लागला. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या वर्तमानपत्राने या चोऱ्यांची सविस्तर बातमी दिली. चोर गर्दीत शेजारी उभा राहून आकडे बघून ठेवायचा, मग फोन हिसकावायचा, आणि त्या आकड्यांच्या जोरावर काही मिनिटांत मालकाच्या अकाउंटचा पासवर्डच बदलून टाकायचा. फोन गेला, फोटो गेले, बँकेतले पैसे गेले, आणि मालक आपल्याच अकाउंटच्या बाहेर! चार-सहा आकड्यांवर अख्खं घर उभं होतं, हे तेव्हा लोकांच्या लक्षात आलं.

त्यावर उपाय म्हणून २०२४ च्या जानेवारीत आयओएस १७.३ सोबत आयफोनमध्ये ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ आलं. त्याची रचना तीन गोष्टींवर उभी आहे : चेहरा, वेळ आणि जागा.

चेहरा म्हणजे असं, की साठवलेले पासवर्ड बघणं, फोन पुसणं, ‘लॉस्ट मोड’ काढणं अशा कामांना नुसता पासकोड चालत नाही. फेस आयडी किंवा जुन्या मॉडेलवर बोटाचा ठसाच लागतो. वेळ म्हणजे, अकाउंटचा पासवर्ड किंवा फोनचा पासकोड बदलणं, नवा चेहरा नोंदवणं, ‘फाइंड माय’ बंद करणं, आणि हा बंदोबस्तच बंद करणं, या कामांसाठी आधी चेहरा दाखवा, मग एक तास थांबा, मग पुन्हा चेहरा दाखवा. त्या तासाभरात मालकाला दुसऱ्या कुणाच्या फोनवरून आपला फोन ‘हरवला’ म्हणून जाहीर करता येतो. आणि जागा म्हणजे, ही सगळी कडक शिस्त फोन ‘ओळखीच्या जागे’पासून दूर असतानाच लागू होते. घर, कामाची जागा, जिथे आपण फोन नेहमी वापरतो ते ठिकाण, हे फोन स्वतःच आपल्या वावरावरून ठरवतो. ओळखीच्या जागी पूर्वीसारखा पासकोड चालतो. ज्यांना हेही ढिलं वाटतं त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये ‘ऑलवेज’ असा पर्याय आहे. तो निवडला की घरीसुद्धा शिस्त कायम.

डोकं लावून केलेली रचना आहे, यात वाद नाही. चोराकडे पासकोड असेल, फोन असेल, पण चेहरा नाही आणि वेळही नाही. मग घोडं अडतं कुठे? घोडं अडतं ते ‘चेहरा नेहमी चालेल’ या गृहीतकापाशी.

चेहरा ओळखणं ही काही जादू नाही, ते हार्डवेअर आहे. आयफोनच्या वरच्या पट्टीत एक बारीक प्रोजेक्टर असतो. तो आपल्या चेहऱ्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे तीस हजारांहून जास्त ठिपके टाकतो. एक इन्फ्रारेड कॅमेरा त्या ठिपक्यांचं चित्र घेतो आणि त्यावरून चेहऱ्याचा उंच-सखल नकाशा तयार होतो. २०१७ च्या आयफोन एक्सपासून हेच चालत आलंय. आता एवढी नाजूक वस्तू आपण कशी वापरतो? जुलैच्या झडीत खिशात भिजवतो, बंक बेडच्या वरच्या मजल्यावरून फरशीवर पाडतो, काच फुटली की जिथे स्वस्त होईल तिथे बदलून घेतो. अनेक मॉडेल्समध्ये काच बदलताना वरच्या स्पीकरची बारीक पट्टी जुन्या स्क्रीनवरून काढून नव्या स्क्रीनवर लावावी लागते, आणि चेहरा ओळखण्यासाठी लागणारे सेन्सर त्याच पट्टीवर असतात. ती दुखावली की काच नवी कोरी आणि फेस आयडी गायब! बरं, दुसऱ्या फोनचा सुटा भाग आणून बसवला तरी अनेक मॉडेल्समध्ये भागत नाही, कारण हे भाग त्या-त्या फोनशी जोडून दिलेले असतात. २०२१ मध्ये आयफोन १३ बाजारात आला तेव्हा तर बाहेर स्क्रीन बदलली की फेस आयडी बंद पडायचं. दुरुस्ती करणाऱ्यांनी जगभर आरडाओरडा केल्यावर कंपनीने आयओएस १५.२ मध्ये ते मागे घेतलं. म्हणजे फोनमधला डोळा जाणं हे लाखात एखाद्याचं दुर्दैव नाही. पाणी, धक्का आणि दुरुस्ती या तीन रोजच्या गोष्टींनी ते होतं.

आता डोळा गेला असं समजा. पुढे काय?

पहिली गोष्ट, घाबरू नका आणि उगाच बटणं दाबू नका. फोन बंद करून चालू करा, वरच्या पट्टीवर आलेला स्क्रीनगार्ड काढून बघा, अपडेट बाकी असेल तर तो करा. आपल्याकडे लगेच सल्ला मिळतो, ‘रिसेट फेस आयडी दाब, चेहरा पुन्हा नोंदव.’ थांबा! डोळा अधूनमधून का होईना चालत असेल, तर ते फार मोलाचं आहे. जुना चेहरा पुसला आणि नवा नोंदवताना डोळ्याने कायमचा राम म्हटला, की हातचंही गेलं. म्हणून आधी बॅकअप घ्या, मग ‘सेटिंग्ज’मध्ये ‘फेस आयडी अँड पासकोड’ इथे जाऊन स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन बंद करा, आणि त्यानंतर काय रिसेट करायचं ते करा.

दुसरी गोष्ट, हे काम कुठे बसून करायचं ते महत्त्वाचं आहे. आपल्या गोंदियाच्या मुलांनी ही गोष्ट गाठ मारून ठेवण्यासारखी आहे. समजा, दुरुस्तीसाठी नागपूर गाठायचं ठरलं. रेल्वेने सव्वाशे-एकशे तीस किलोमीटर. सकाळी गाडी पकडली, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर नंबर लागला, आणि तिथल्या माणसाने सांगितलं, ‘फाइंड माय बंद करून द्या.’ (नव्या आवृत्त्यांमध्ये ते चालू ठेवूनही फोन दुरुस्तीला देण्याची सोय आली आहे, पण बाजारातल्या दुकानात अजून हेच ऐकू येतं.) आता फोनच्या हिशेबाने नागपूर ही अनोळखी जागा! तो म्हणणार, चेहरा दाखव, तासभर थांब, परत चेहरा दाखव. आणि चेहरा दिसत नाही म्हणूनच तर आपण इतक्या लांब आलेलो. म्हणजे संध्याकाळच्या गाडीने तोच फोन घेऊन परत! हेच काम सकाळी निघण्यापूर्वी होस्टेलच्या खोलीत बसून केलं असतं तर पासकोडवर दोन मिनिटांत झालं असतं. तेव्हा लक्षात ठेवा, दुरुस्ती नागपूरला, पण कुलूप काढायचं ते ओळखीच्या जागी. पहिल्या वर्षाला नुकत्याच आलेल्यांना एक जास्तीची सूचना. तुमच्या फोनला देवरी किंवा आमगावचं घर ओळखीचं असेल, पण होस्टेल अजून ओळखीचं झालेलं नसेल. मग घरी जाऊनच हे काम करावं लागेल.

तिसरी गोष्ट, ज्यांनी ‘ऑलवेज’ निवडलंय त्यांची. त्यांना घरीही पासकोडची वाट नाही. डोळा पूर्ण गेला असेल तर उरतो तो एकच मार्ग : बॅकअप आहे ना याची खात्री करून दुसऱ्या संगणकावरून फोन पुसून टाकायचा, आणि अकाउंटचा पासवर्ड देऊन पुन्हा पहिल्यापासून मांडायचा. पासवर्ड आठवत असेल आणि बॅकअप असेल तर एक दिवसाचा मनस्ताप. दोन्ही नसेल तर...? खरेदीचं बिल दाखवून ॲपलकडे लॉक काढण्याची विनंती करता येते. पण आपल्यापैकी किती जणांकडे बिल आहे? कुणाचा फोन मामाने दिलेला, कुणाचा सेकंडहँड, कुणाचं बिल डब्यासकट रद्दीत गेलेलं. आपला फोन, आपला चेहरा, आपले पैसे, आणि सिद्ध करायला कागद नाही. आपल्याकडे म्हण आहे, चोर सोडून संन्याशाला फाशी. इथे तर थेट मालकालाच!

आता अँड्रॉइडवाले हसत असतील, कारण होस्टेलमध्ये बहुमत त्यांचंच. तर ऐका. साध्या अँड्रॉइड फोनमध्ये चेहरा ओळखण्याचं काम बहुधा सेल्फी कॅमेराच करतो. तो चालला नाही तर पिन टाकून सगळं उघडतं. अडचण नाही, पण म्हणून सुरक्षितताही तितकीच! पिन कळलेल्या चोरालाही अडचण नाही. गूगलने २०२४ मध्ये फोन हिसकावून पळाल्याचं हालचालीवरून ओळखून स्क्रीन बंद करणारी सोय आणली, आणि २०२५ च्या जानेवारीत पिक्सेल आणि सॅमसंगच्या काही फोनसाठी ‘आयडेंटिटी चेक’ जाहीर केलं. तिचं तत्त्व तेच : विश्वासाच्या जागेबाहेर पिन बदलणं, फोन रिसेट करणं, चोरीविरोधी सोयी बंद करणं, यांना ठसा किंवा पक्का चेहराच लागणार. म्हणजे आज जे आयफोनवाल्यांचं दुखणं आहे ते उद्या सगळ्यांच्या खिशात येणार. फरक इतकाच की तुमच्या फोनवर बोटाचा सेन्सरही असतो. चेहरा आणि बोट दोन्ही नोंदवून ठेवा. एक गेलं तर दुसरं हाताशी राहील.

इथे कुणी म्हणेल, ‘एवढी कटकट असेल तर तो बंदोबस्त नकोच!’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. मोबाइल आता नुसता मोबाइल राहिलेला नाही. मेसचे पैसे त्यातून जातात, स्कॉलरशिपचा ओटीपी त्यात येतो, डिजिलॉकरमध्ये बारावीची मार्कशीट असते. २०२५ च्या ऑक्टोबरपासून तर यूपीआयचे छोटे व्यवहार पिनऐवजी चेहरा किंवा ठशावर करण्याची परवानगीही मिळाली आहे. गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचं जंक्शन. विदर्भ एक्सप्रेस आणि महाराष्ट्र एक्सप्रेस इथूनच सुटतात. चार्जिंगच्या पॉइंटला फोन लावून वरच्या बर्थवर झोपणारे आपणच ना? फोन गेला तर सरकारच्या ‘संचार साथी’वर आयएमईआय नंबर देऊन तो देशभर बंद करता येतो. हे व्यवस्थापन २०१९ मध्ये आधी महाराष्ट्रात सुरू झालं, २०२३ च्या मे महिन्यात देशभर पोहोचलं, आणि आता रेल्वे सुरक्षा दलही त्याच्याशी जोडलं गेलं आहे. पण ती सगळी चोरी झाल्यानंतरची धावपळ. पोलिसांत तक्रार देऊन नंबर बंद होईपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्यात आतला ऐवज वाचवायचा असेल तर फोनचा स्वतःचा बंदोबस्तच कामी येतो.

आणि होस्टेलची तर गोष्टच निराळी. ‘ओळखीच्या जागी शिस्त सैल’ हा नियम ज्याने लिहिला, त्याच्या डोळ्यासमोर स्वतंत्र घर असावं. होस्टेल नव्हे! एका खोलीत तिघं-चौघं, दार सताड उघडं, आणि प्रत्येकाला प्रत्येकाचा पिन माहीत. ‘तुझ्या फोनवरून जरा हॉटस्पॉट चालू करते गं’ म्हणत पिन सांगितला जातो आणि वर्षभर तोच राहतो. फोनसाठी ही ओळखीची जागा, पण इथेच सगळ्यात जास्त अनोळखी हात फोनला लागतात. म्हणून काही जण ‘ऑलवेज’ निवडतात, आणि त्यांची चूक नाही. पण डोळा गेला की सगळ्यात जास्त तेच अडकतात. जास्त काळजी घेणाऱ्याला जास्त शिक्षा, हा कुठला न्याय?

तेव्हा माझं म्हणणं एका वाक्यात असं : कुलुपाने मालकाला थांबवलं तर चालेल, पण त्याला कायमचं नाकारू नये.

यावर आमच्या वर्गात जो आक्षेप लगेच येतो तो मी आधीच मांडते. ‘मालकासाठी दुसरं दार ठेवलं की चोरही त्याच दाराने येणार!’ आक्षेप वजनदार आहे. पण चोर आणि मालक यांच्यात एक मोठा फरक आहे, आणि तो चेहऱ्याचा नाही. तो वेळेचा आहे. चोराला घाई असते, मालकाला नसते. चेहरा बंद पडलेल्या मालकाला सांगा, ‘पासकोड दे, अकाउंटचा पासवर्ड दे, आणि तीन दिवस थांब.’ तो थांबेल. कुरकुर करेल, पण थांबेल. या तीन दिवसांत त्याच्या ईमेलवर आणि दुसऱ्या नंबरवर रोज निरोप जाऊ द्या : ‘तुमच्या फोनचं कुलूप काढण्याची विनंती आली आहे. तुम्ही नसाल तर रद्द करा.’ चोराने फोन विमान मोडवर टाकून तीन दिवस काढले तर? मग दिवसांची मोजणी फोनच्या घड्याळावर ठेवूच नका, कंपनीच्या सर्व्हरवर ठेवा. फोन नेटवर्कवर असेल तेवढाच काळ मोजा. नेटवर्कवर आला की मालकाला तो नकाशावर दिसतोच!

ही माझी काही अचाट कल्पना नाही. अकाउंटचा पासवर्ड विसरला तर ॲपल आणि गूगल दोघेही आजच काही तास किंवा काही दिवस थांबवून मग अकाउंट परत देतात. म्हणजे थांबवण्याची युक्ती त्यांना ठाऊक आहे. मग हार्डवेअर मेलेल्या फोनसाठीच तिची आठवण का होऊ नये? शिवाय कॅमेरा बिघडलाय हे फोनला स्वतःला कळतं, तसा संदेशही तो स्क्रीनवर दाखवतो. ‘मला दिसत नाही’ असं एका ओळीत सांगायचं आणि पुढच्याच ओळीत ‘चेहरा दाखव’ म्हणायचं! हे म्हणजे लाइट गेल्यावर जनरेटर सुरू करायचं बटण लिफ्टमध्ये ठेवण्यासारखं झालं.

हा प्रश्न फक्त महागड्या फोनवाल्यांचा आहे असं वाटत असेल तर होस्टेलच्या गेटबाहेर बघा. आपला जिल्हा धानाचा. रोवणीच्या दिवसांत चिखलात बोटं घालून आणि एरवी विड्या वळून ज्या बायांच्या बोटांच्या रेषा झिजतात, त्यांना रेशन दुकानातलं यंत्र असंच विचारतं, ‘तू तीच कशावरून?’ तिथे यंत्राला ठसा उमटला नाही म्हणून धान्य नाकारू नका, दुसऱ्या पद्धतीने ओळख पटवा, असं आधार प्राधिकरणाला २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये परिपत्रक काढून सांगावं लागलं. म्हणजे दुसरं दार मागाहून जोडावं लागलं. आता १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवर चेहरा जुळवणं सक्तीचं झालं आहे. ताईंचा फोन, गावातलं नेटवर्क आणि आधारवरचा जुना फोटो, या तिघांचं जुळलं तर खाऊ! फोनमध्ये चेहरा जुळला नाही तर आपला एक दिवस जातो. इथे चेहरा जुळला नाही तर पोराचा घास अडतो.

याउलट चांगलं उदाहरणही सरकारचंच आहे. पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्यासाठी २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ आलं ते बोटाच्या ठशावर. म्हाताऱ्या माणसांचे ठसे उमटेनात, तेव्हा २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये चेहऱ्याची सोय जोडली. बोट चालत नाही तर चेहरा, चेहरा चालत नाही तर बँकेत जाऊन प्रत्यक्ष. तीन वाटा आणि माणूस एकच. अशी रचना मला इंजिनिअरिंग वाटते. बाकीचं नुसतं कोडिंग.

आपल्या अभ्यासक्रमात ‘फॉल्ट टॉलरन्स’ शिकवतात. एक भाग मेला तरी यंत्रणा चालली पाहिजे, असं आपण पेपरात लिहितो आणि मार्क घेतो. फायनल इयरला दर वर्षी दोन-तीन ग्रुप तरी ‘फेस रेकग्निशन अटेंडन्स’ प्रोजेक्ट घेतात. डेमोला चार चेहरे ओळखले की टाळ्या! माझी सर-मॅडमना नम्र विनंती आहे. व्हायव्हाला ‘अॅक्युरसी किती?’ याच्या आधी विचारा, ‘ओळखलं नाही तर त्या मुलाने काय करायचं?’ या प्रश्नाला ज्यांच्याकडे उत्तर नसेल त्यांचा प्रोजेक्ट अजून पूर्ण झालेला नाही.

आणि आपण विद्यार्थ्यांनी? आज रात्री मेसमधून आल्यावर अर्धा तास काढा. *#०६# दाबून आयएमईआय नंबर वहीत लिहा. बिलाचा फोटो काढून ईमेलवर ठेवा. बॅकअप चालू आहे का ते बघा. खोलीत सगळ्यांना पाठ असलेला पिन बदला, सहा आकडी करा आणि कुणालाही सांगू नका. अगदी जिवलग मैत्रिणीलासुद्धा! अकाउंटचा पासवर्ड आठवतो का ते एकदा टाकून बघा. चोरीविरोधी बंदोबस्त चालू ठेवा. ‘ऑलवेज’ निवडायचं असेल तर या पाच गोष्टी पक्क्या झाल्यावरच निवडा. आणि ज्या दिवशी चेहरा दोनदा-तीनदा विनाकारण नाकारला जाईल, त्याच दिवशी, होस्टेलमध्येच बसून, बंदोबस्त तात्पुरता उतरवा, दुरुस्ती करा आणि परत चढवा. दुरुस्तीनंतर परत चढवायला विसरतात तेच जास्त!

चेहरा बदलता येत नाही, हीच त्याची ताकद म्हणून सांगतात. पासवर्ड बदलता येतो, म्हणून तो कच्चा म्हणतात. पण मला विचाराल तर जी गोष्ट बदलता येत नाही तिच्यावर अख्खं दार टांगण्यापूर्वी दहादा विचार केला पाहिजे. कंपन्यांना हे आज सांगणारे आपण ग्राहक आहोत. चार-दोन वर्षांत यातलेच काही जण त्या कंपन्यांत बसून हेच दार बांधत असतील. तेव्हा तरी गोंदियाच्या होस्टेलमधली खोली आणि रोवणीतले हात आठवा, म्हणजे झालं.

बघा, पटतंय का!